बोर्दो घ्यायची का?

लेबलवर शातोचं झक्कास चित्र, सोनेरी अक्षरं आणि किंमत चक्क आवाक्यातली! हात पुढे जातोच. पण जरा थांबा. नावात ‘शातो’ असायला राजवाडा लागत नाही, स्वतःचा द्राक्षमळा पुरतो. आणि १८५५ च्या त्या फेमस क्रमवारीतल्या वाइन्स या भावात मिळत नाहीत.

मग बघायचं काय? एक, ‘मी-झां बुतेय ओ शातो’, म्हणजे मळ्यावरच बाटलीत भरलेली. दोन, साध्या ‘बोर्दो’पेक्षा ‘बोर्दो सुपेरिएर’ बरी. तिचे नियम थोडे कडक असतात. तीन, वर्ष. स्वस्त बोर्दो मुरवत ठेवायची नसते, त्यामुळे पाच-सहा वर्षांहून जुनी बाटली नकोच. दुकानाच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली तर अजिबात नको.

फ्रान्सच्या सुपरमार्केटात सात-आठ युरोला दिसली तर बिनधास्त उचला. मेर्लोचा मऊपणा मटणाबरोबर मस्त जमतो. आपल्याकडे मात्र आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के ड्युटी लागत आलीय. म्हणजे पैसे मोजायचे बोर्दोचे, आणि प्यायचा टॅक्स! माझा हिशेब सोपा आहे: बॉसला गिफ्ट द्यायची तर बोर्दो, स्वतःला प्यायची तर नाशिकची शिराझ.