उसवायला लाज कसली?

सुरुवातीलाच कबूल करते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात. पण विणकामावर मला इंग्रजीत लिहिताच आलं नसतं. शाळेत सिस्टरनी ‘निट’ आणि ‘पर्ल’ शिकवलं खरं, पण हाताला कळलं ते आजीचं ‘सुलट’ आणि ‘उलट’.

“इंजिनिअरिंगची मुलगी आणि स्वेटर?” हे आमच्या विंगमध्ये मला रोज ऐकावं लागतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. विल्यम लीने इंग्लंडमध्ये विणकामाचं यंत्र बनवलं १५८९ साली आणि जेम्स वॅटचं वाफेच्या इंजिनाचं पेटंट आहे १७६९ चं. आता सांगा, इंजिनिअरिंग कुणाचं जुनं?

तर बाबांसाठी स्वेटर विणायला घेतला. पहिला घोळ झाला मापाचा. छातीला १०० सें.मी. हवे होते. पुस्तकात लिहिलं होतं, १० सें.मी.ला २२ टाके, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग मिळून २२०. पण माझा हात सैल! माझ्या १० सें.मी.त २० च टाके बसतात. करा हिशोब : स्वेटर ११० सें.मी.चा. फरक दोन टाक्यांचा, पण बाबांच्या अंगावर झबलं! म्हणून आधी वीतभर चौकोन विणावा, धुवून सपाट वाळवावा आणि मग मधले टाके मोजावेत. कमी भरले तर सुया बारीक घ्यायच्या, जास्त भरले तर जाड.

दुसरा घोळ, टाके आपोआप वाढतात. ओळ सुरू करताना लोकर सुईवरून मागे ओढली गेली, की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि आपण एकाचे दोन विणून मोकळे होतो. लोकर सुईच्या खाली ठेवायची आणि ओळ संपली की टाके मोजायचे. टाका सुटून खाली शिडी पडली तर घाबरून ओढाताण करू नका. क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर उचलत आणा, टाका परत सुईवर येतो. बाह्या लहान-मोठ्या होतात? टेप ठेवून द्या, ओळी मोजा. गळा डोक्यातून जात नाही? टाके बंद करताना एक नंबर जाड सुई घ्या. आणि सुलट विणीची कड गुंडाळली जाते ती चूक नव्हे, तो त्या विणीचा स्वभाव आहे. म्हणून तर कडेला एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर घालतात.

हे सगळं मला येत होतं. तरीही पाठीचा भाग विणताना मुंढ्याची घट एका बाजूला चुकली. दिसली, पण मी तशीच पुढे विणत राहिले. म्हटलं, शिवताना लपेल. ४० ओळी झाल्या. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी आणखी एक गोष्ट लपवत होते. एम-थ्रीला केटी लागली होती आणि घरी सांगितलं नव्हतं.

आमच्या हॉस्टेलच्या मावशींनी एकदा विणकाम हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, जितकं पुढं विणशील तितकं जास्त उसवावं लागंल. आत्ताच उसव की!”

त्या रात्री ४० ओळी उसवल्या. रडले. दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “किती विषय?” मी म्हटलं, “एकच.” “मग इतके दिवस एकटीच घेऊन बसलीस?” बस, एवढंच.

माझं म्हणणं साधं आहे. चूक होणं आपण टाळू शकत नाही, ती वाढू देणं टाळू शकतो. पण आपल्याला सवय लागते ती झाकायची. लॅबमध्ये आपण काय करतो? आधी ग्राफ काढतो, मग त्यात बसतील अशी रीडिंग्ज! सगळ्यांचे बिंदू कसे अगदी सरळ रेषेत. रीडिंग का चुकलं हे शोधण्यात जे शिकायला मिळालं असतं, ते गेलंच. सर आणि मॅडम, एक विनंती. जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाला ‘काय चुकलं आणि का’ असं अर्धं पान असू द्या. आणि त्याचे मार्क कापू नका, द्या.

आणि मैत्रिणींनो, मित्रांनो, विणणारे एक युक्ती करतात. दर २०-२५ ओळींनंतर सगळ्या टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवतात. मग कितीही उसवलं तरी वीण त्या दोऱ्यापाशी थांबते, पार मुळापर्यंत जात नाही. आपल्यालाही असा एखादा दोरा हवा. आई, बाबा, रूममेट, एखादे सर, कुणीही चालेल. केटी लागली तर त्यांना त्याच आठवड्यात सांगा. चाळीस ओळी होईपर्यंत थांबू नका.

स्वेटरची एक बाही बाकी आहे. एम-थ्रीचा पेपरही बाकी आहे. सध्या दोन्हीकडे टाके मोजत चालले आहे.