हात न लागलेली गाडी?

मंडळी, पुतण्याने परवा एक जाहिरात पाठवली. मर्सिडीज १९० एसएल, दोघांपुरती, उघड्या टपाची जर्मन गाडी विक्रीला आहे. खाली ठळक अक्षरांत बिरूद : 'पूर्णपणे मूळ स्वरूपात, कोणाचाही हात न लागलेली'. गाडी देखणी आहे, त्याबद्दल वाद नाही. माझे भांडण आहे ते त्या बिरुदाशी.

या गाड्या १९५५ ते १९६३ या काळात बनल्या, एकूण २५,८८१. म्हणजे त्यांतल्या धाकटीचीही साठी उलटली. इतकी वर्षे हात न लागता गाडी टिकते होय? रबर वाळते, पत्रा गंजतो, पिस्टन झिजतात. हिचे दोन सोलेक्स कार्ब्युरेटर तर इतके लहरी, की परदेशातल्या कित्येक मालकांनीही ते काढून वेबर बसवले.

आपल्याकडे तर त्या काळी आयातीवर कडक बंधने. जनरल मोटर्सने मुंबईतला जुळणीचा कारखाना १९५४ मध्येच बंद केला. परदेशी गाडीचा सुटा भाग मिळणे म्हणजे दिव्यच. अशा वेळी लेथवर बुश कातून, पत्रा ठोकून, भलत्याच गाडीचा पंप बसवून या गाड्या चालत्या ठेवल्या त्या गल्लीबोळांतल्या मिस्त्रींनी. आणि विकताना नेमका त्यांचाच हात पुसायचा! हा कृतघ्नपणा नाही तर काय?

सरकारी नियमही त्याच वळणाचा. जुलै २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंद व्हायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, शिवाय मूळ स्वरूपातली. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार. पैशाचे एक वेळ सोडा. पण मूळ इंजिन निकामी झाल्यावर ज्याने दुसरे बसवून गाडी भंगारातून वाचवली, त्याची गाडी वारसा नाही म्हणायची? जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेची ट्युरिन सनद याहून समंजस आहे. गाडी वापरात असताना झालेले बदल हे तिच्या इतिहासाचे पुरावे आहेत, ते जपावेत, असे ती मानते.

कोणी म्हणेल, 'गुरुजी, अशाने लबाडी फोफावेल, ठिगळाची गाडी मूळची म्हणून खपवतील.' अहो, लबाडी लपवण्यात असते, दुरुस्तीत नव्हे. 'हात न लागलेली' म्हणणाराच खरे तर लपवतो. मी चाळीसेक वर्षे वह्या तपासल्या. कोरी करकरीत वही मला कधी हुशार मुलाची वाटली नाही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. जुनी गाडी विकताना सोबत दुरुस्तीची वही द्यावी : काय बदलले, कधी, कोणत्या मिस्त्रीने. नियमातही अशा जुन्या, उघड नोंदलेल्या फेरफारांना जागा असावी. आमच्या सातपूरच्या आयटीआयमधल्या पोरांना अशी एखादी वही वाचायला मिळाली, तर चार पुस्तकांत नाही ते त्यांना कळेल. मिस्त्री एकेक करून चालले आहेत, त्यांची नावे तरी कागदावर उरू द्या.

आपले मत जरूर कळवा. विरोधी असेल तर आधी कळवा.