सही नसलेला शेरा

शिक्षकांच्या खोलीतल्या कुरबुरी बाहेर बोलायच्या नाहीत, असं आपल्याकडे वर्षानुवर्षं मानलं गेलं आहे. एखादी नवी शिक्षिका धीर करून म्हणाली, की सहकारी मला मुलांसमोर तोंडघशी पाडतात, माझ्यामागे पालकांचे कान भरतात, तर तिला ठरलेली उत्तरं मिळतात. राजकारण कुठे नसतं? कातडी जाड कर. मोठी माणसं आहेत, तुझ्या भल्यासाठीच बोलतात. बायकांची स्टाफरूम म्हटल्यावर हे व्हायचंच. आणि एवढ्यानंही ती गप्प बसली नाही, तर शेवटचं: तक्रार केलीस तर शाळेचं नाव जाईल, मुलांचं नुकसान होईल. मालाडमध्ये शिकवताना ही सगळी उत्तरं मी ऐकली आहेत. त्यातली काही मलाच मिळाली आहेत. यातलं एकही उत्तर मला मान्य नाही.

आधी हे प्रत्यक्षात कसं घडतं ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला यात कुणी कुणाला ओरडलेलंही दिसत नाही. जूनमध्ये वेळापत्रक लागतं आणि मधल्या सुट्टीनंतरचे, मुलं पेंगुळलेली किंवा उधळलेली असतानाचे तास एकाच माणसाच्या नावावर येतात. तास बदलल्याचं बाकी सगळ्यांना कळतं, तिला कळत नाही. ती खडू-डस्टर घेऊन रिकाम्या वर्गात उभी आणि मुलं मैदानावर. तिनं तपासलेले पेपर तिला न विचारता दुसऱ्याकडे जातात. प्रदर्शनाची तयारी तिनं करून घेतलेली असते, पाहुण्यांसमोर नाव वेगळंच घेतलं जातं. वर्गाचा निकाल चांगला लागला तर मुलंच हुशार होती. वाईट लागला तर बाईंना शिकवता येत नाही. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक, आणि म्हणूनच तिची तक्रार करता येत नाही.

सगळ्यांत वाईट प्रकार मात्र वर्गात घडतो. तास चालू असताना शेजारच्या वर्गावरचे सर दारात येतात, टेबलावर पट्टी आपटतात आणि मुलांना विचारतात, “बाईंचं ऐकत नाही का रे? मी आलो की बरे गप्प बसता!” मुलं गप्प बसतात. सर निघून जातात. आपण मदत केली असं त्यांना मनापासून वाटतही असेल. पण मुलं त्या क्षणी एक गोष्ट शिकलेली असतात: या बाईंचा शब्द या शाळेत शेवटचा नाही. ते त्या बाईंनी वर्षभर कितीही कष्ट घेतले तरी पुसलं जात नाही.

‘राजकारण सगळीकडेच असतं’ या युक्तिवादाचं उत्तर इथेच आहे. कचेरीत दोन कारकुनांचं पटत नसेल तर फाईल उशिरा सरकते. पण कारकुनाचं काम साठ मुलांच्या डोळ्यांदेखत चालत नाही. शिक्षकाचं चालतं. फळा, पुस्तक, टाचण ही साधनं नंतर येतात. मुलांचा विश्वास आधी लागतो. सहकाऱ्यानं तोच काढून घेतला, तर पगार, पद, पदवी सगळं जागेवर राहूनही शिक्षकाच्या हातात काही उरत नाही. इतर नोकऱ्यांत जी अडचण ठरते, ती इथे कामच बंद पाडते.

आणि बंद पडलेल्या त्या कामाची किंमत कोण मोजतं तेही पाहा. मालाड स्टेशनाच्या दोन्ही बाजूंना क्लासच्या पाट्यांना तोटा नाही. ज्या घराला फी परवडते, त्या घरातल्या मुलाला शाळेतल्या बाईंचं नाही पटलं तरी संध्याकाळी दुसरे शिक्षक भेटतात. कुरार, आप्पापाडा, मालवणीच्या गेटांमागच्या वस्त्या इथून येणाऱ्या कितीतरी मुलांना गणिताच्या एकच बाई असतात, आणि त्या म्हणजे शाळेतल्या. त्या बाईंना वर्गात लहान केलं, की त्या मुलाचं गणितच लहान होतं. म्हणून ‘तक्रार केली तर मुलांचं नुकसान होईल’ हे वाक्य मला सर्वांत जास्त संताप आणतं. नुकसान आधीच झालेलं असतं. तक्रारीमुळे ते फक्त दिसू लागतं.

‘बायकांची स्टाफरूम’ हा शेरा तर इतक्या सहज मारला जातो, की बायकासुद्धा तो मारतात. ज्यांना तो खरा वाटतो त्यांनी पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा इतिहास आठवावा. १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. आगरकर मागोमाग आले. १८८४ मध्ये सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. एवढ्या तोलाची माणसं, एकाच ध्येयासाठी थोडक्या वेतनावर एकत्र आलेली. तरी पाच-सहा वर्षांतच त्यांच्यात फूट पडली. आजीव सदस्यानं बाहेरचं काम, बाहेरची कमाई करावी का, वेतनाचं तत्त्व काय असावं, संस्थेचा कारभार कुणी कसा हाकावा, यांवर ते भांडले. समाजसुधारणेवरून टिळक-आगरकरांत पडलेलं अंतर पाठीशी होतंच. याच संस्थेतल्या गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद, म्हणजे बाहेरचं काम, घेतलं आणि ठिणगी पडली. १८९० च्या अखेरीस टिळक बाहेर पडले. त्या खोलीत एकही बाई नव्हती. भांडण लावतात ती पैसा, अधिकार आणि जागा. चोळी की सदरा याचा तिथे संबंध नसतो.

त्या भांडणातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. टिळकांनी राजीनामा दिला तो सविस्तर निवेदनासह. आपले मतभेद कोणते, ते कधीपासून, कोणत्या तत्त्वावर, हे सगळं त्यांनी सहकाऱ्यांपुढे लेखी ठेवलं. भाषा सौम्य नव्हती, आरोप बोचरे होते. पण त्याखाली सही होती, आणि ज्यांच्यावर आरोप होते त्यांना उत्तर देता येत होतं. संस्था मोडली नाही. आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, गोखले पुढेही तिथे शिकवत राहिले. कोण बरोबर होतं यावर आजही वाद घालता येतो, कारण वाद घालायला कागद आहे. आपल्या स्टाफरूममध्ये जे चालतं त्याचा कागद कुठेच नसतो, आणि माझी मूळ तक्रार तीच आहे.

‘मोठी माणसं भल्यासाठीच बोलतात’ हे काही वेळा खरं असतं, म्हणून त्याला उत्तर जपून द्यायला हवं. मोठ्यांनी शिकवावं, चूक दाखवावी, प्रसंगी खडसवावं. त्याशिवाय नवा शिक्षक तयार होत नाही. पण शिकवणं कशाला म्हणायचं याचं उदाहरण मालाडहून याच पश्चिम रेल्वेनं वर गेलं की सापडतं. घोलवडला उतरून बोर्डीत जा. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी तिथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून नावाजलेल्या ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांच्याकडे आलेल्या अनुताई वाघ त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान, पुण्यात शिक्षिका म्हणून काम केलेल्या. अंगणवाडी, कुरणशाळा असे प्रयोग या कामातून उभे राहिले; पुढे काम कोसबाडला गेलं. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या आणि अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, स्वतःच्या अखेरीपर्यंत वाहिलं. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. ज्येष्ठाच्या ‘भल्यासाठी’ बोलण्याची कसोटी मी इथे लावते. दहा वर्षं तुमच्या हाताखाली राहिल्यावर ती शिक्षिका तुमच्याशिवाय शाळा चालवू शकेल का? की तुमच्या पावलांचा आवाज आला की तिचा खडू थांबेल?

हे सगळं करणारी माणसं दुष्ट असतात असं मी म्हणत नाही. भीतीचा वाटा फार मोठा आहे. मराठी शाळांचा पट मुंबईत वर्षानुवर्षं घसरतो आहे. पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवणाऱ्या संचमान्यतेचे आकडे आले, की स्टाफरूममध्ये एकच प्रश्न असतो: यंदा अतिरिक्त कोण? एका आवारात अनुदानित तुकडीवरचे शिक्षक असतात, विनाअनुदानित तुकडीवरचे असतात. काम तेच, पगारात जमीन-अस्मानाचा फरक. २००० साली आलेल्या शिक्षणसेवक योजनेत पहिली तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात. २०२३ च्या आरंभापर्यंत माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिना ८,००० रुपये मिळत होते. आता १८,००० मिळतात. नालासोपारा-विरारहून गर्दीची गाडी पकडून येणारी, तीन वर्षं कुणाचं मन दुखवायचं नाही असं बजावलेली मुलगी दारातल्या सरांना काय बोलणार? जाच उलट्या दिशेनंही होतो, हेही सांगायला हवं. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होण्यास सांगितलं. तेव्हापासून वीस-वीस वर्षं शिकवलेल्या बाईंना “तुमची टीईटी झाली नाही ना अजून?” असं चारचौघांत विचारणारे तरुण सहकारीही दिसू लागले आहेत. तेही तितकंच हीन आहे.

पण भीती खरी असली तरी या वागण्यानं ती कमी होत नाही. अतिरिक्त कोण ठरणार हे ज्येष्ठता, विषय, प्रवर्ग पाहून ठरतं; दारात पट्टी आपटून कुणाचीही जागा वाचलेली नाही. उलट वर्ग बिघडला की पालक मुलाचं नाव काढतात, पट आणखी घटतो आणि पुढच्या संचमान्यतेत जागा जाते ती शाळेची.

कायद्याकडे पाहिलं तर चित्र विचित्र आहे. विद्यार्थ्यानं विद्यार्थ्याला छळू नये म्हणून महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. पण सहकाऱ्यांनी मिळून एखाद्याचं खच्चीकरण करण्याला आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. स्वीडननं १९९३ मध्ये त्यासाठी नियम केले, फ्रान्सनं २००२ मध्ये कायदा केला. आपणही करावा असं मला वाटतं. मात्र तो होईपर्यंत हात बांधून बसण्याचं कारण नाही, कारण खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठीचा १९७७ चा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली आपल्या हातात आहे. कलम ९ मुळे बडतर्फी, पदावनती, बढती डावलणं याविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात जाता येतं, हे बहुतेकांना माहीत असतं. नियम १५ फारसा कुणी वाचत नाही. कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल दर वर्षी लिहिला पाहिजे आणि त्यातला प्रतिकूल शेरा मुदतीत लेखी कळवला पाहिजे, असं तो सांगतो. तसं केलं नाही, तर त्या वर्षीचं काम समाधानकारक होतं असंच धरलं जातं. चौकशीची वेळ आली तर समितीत कर्मचाऱ्यानं निवडलेला एक प्रतिनिधी असतो आणि पुरस्कारप्राप्त शिक्षकांपैकी एक असतो. म्हणजे शिक्षकाबद्दल वाईट बोलायचं असेल तर ते लिहून, त्याला कळवून, त्याचं ऐकून घेऊन बोला, हे सरकारनं चार दशकांपूर्वीच ठरवलं आहे.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो वजनदार आहे. कामचुकार शिक्षकालाही ही ढाल मिळेल. चूक दाखवली की तो म्हणेल माझं खच्चीकरण होतं आहे. असे लोक आहेत, मी पाहिले आहेत. टाचण नाही, पेपर महिनाभर पडलेले, आणि विचारलं की डोळ्यांत पाणी. पण त्यांना वाचवतं कोण? तोंडी कुजबूजच वाचवते. मागे बोललं जातं, पुढे काहीच लिहिलं जात नाही, म्हणून गोपनीय अहवाल कोरा राहतो आणि नियम १५ प्रमाणे त्यांचं काम समाधानकारक ठरतं. मुख्याध्यापकांनी तास पाहिला, निरीक्षण लिहिलं, सही घेतली, तर कामचुकाराला पळवाट उरत नाही आणि कष्टाळू शिक्षिकेला बदनाम करायला जागा उरत नाही. एकाच कागदानं दोन्ही कामं होतात.

शेजारच्या वर्गात गोंगाट असेल तर मधल्या सुट्टीत त्या बाईंना बाजूला घेऊन बोलता येतं. दारातून मुलांशी बोलण्याचा अधिकार कुणालाच नको. वेळापत्रकातले जड तास फिरते असावेत आणि बदल फलकावर लागावा. सहकाऱ्याबद्दल पालकांशी बोलणं हा गैरवर्तनाचा प्रकार मानावा. शिक्षक संघटना वेतनासाठी आझाद मैदानावर जातात, ते योग्यच आहे. पण आपल्याच सभासदानं आपल्याच सभासदाचा छळ केला की त्या गप्प बसतात, हे योग्य नाही.

जे कुणाला त्रास देत नाहीत आणि फक्त पाहतात, अशा ज्येष्ठ बाई आणि सरांना माझी विनंती आहे. त्रास देणाऱ्यापेक्षा तुमची संख्या प्रत्येक शाळेत जास्त आहे आणि तुमची नोकरी कुणाच्या शब्दावर टांगलेली नाही. जूनमधल्या पहिल्या सभेत उभं राहा आणि ठराव मांडा: या शाळेत कोणत्याही शिक्षकाच्या कामाबद्दलचा आक्षेप त्याच्या समोर आणि लेखी सांगितला जाईल, विद्यार्थी व पालकांसमोर सांगितला जाणार नाही. ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि खाली पहिली सही तुमची करा.