फिरती आरागिरणी : आधी कागद, मग यंत्र

बांधावरचे जुने झाड विकायचे ठरले की काय होते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. व्यापारी येतो, झाडाभोवती एक चक्कर मारतो, बुंध्यावर थाप मारतो आणि उक्ता भाव सांगून मोकळा होतो. आपण थोडे ताणतो, तो थोडा वाढवतो, आणि झाड जाते. पुढे घराला चौकट-दार करायचे निघाले की आपणच शहरात जाऊन लाकूड घनफुटाने विकत घेतो. म्हणजे देताना अंदाज आणि घेताना माप!

यावर उपाय म्हणून काही सुतार बांधव आणि तरुण शेतकरी सध्या एका यंत्राची चौकशी करतात. ते यंत्र म्हणजे फिरती आरागिरणी. ट्रॅक्टरमागे किंवा पिकअपमागे जोडून ती थेट शेतात नेता येते. ओंडका जागेवरच चिरायचा आणि फळ्या घरी आणायच्या. कल्पना चांगली आहे. पण बँकेचे कर्ज काढून आधी यंत्र आणायचे आणि मग परवान्याच्या मागे लागायचे, असे कोणी करत असेल तर त्याने जरा थांबावे. या धंद्यात क्रम उलटा झाला की यंत्र उभे राहते आणि हप्ता मात्र चालू राहतो.

यंत्राचा फायदा कशात आहे?

फिरत्या यंत्राचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे साखळी करवतीला चौकट बसवून फळ्या काढणे. हे स्वस्त पडते, पण साखळीचा काप ८ ते १० मिलिमीटर रुंद असतो. दुसरा प्रकार पातळ पट्ट्याच्या करवतीचा. त्यात पट्टा दोन चाकांवर फिरतो, ओंडका स्थिर राहतो आणि करवतीची चौकट रुळावरून पुढे सरकते. याचा काप साधारण दोन-अडीच मिलिमीटरचा असतो.

हा फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब करून पाहा. चौकोनी केलेला, एक फूट (३०० मिलिमीटर) जाडीचा ओंडका घ्या आणि त्याच्या एक इंची (२५ मिलिमीटर) फळ्या काढा. साखळीने ९ मिलिमीटरचा काप गेला तर ९ फळ्या निघतात. पट्ट्याने अडीच मिलिमीटरचा काप गेला तर ११ निघतात. ओंडका तोच, पण दोन फळ्या भुशात गेल्या. साग किंवा शिसव असेल तर त्या दोन फळ्यांतच दिवसाची मजुरी निघून जाते.

झाडाचे माप स्वतः काढा

हे माप यंत्र घेणाऱ्याला तर हवेच, पण यंत्र न घेणाऱ्या शेतकऱ्यालाही उपयोगी आहे. आपल्याकडे गोल लाकडाचे माप चौथाई घेराने काढतात. ओंडक्याच्या मधोमध दोरी गुंडाळून घेर इंचात मोजा. त्याला चारने भागा. आलेल्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा. मग लांबी (फुटात) गुणून १४४ ने भागा, म्हणजे घनफूट निघतात.

उदाहरणार्थ, घेर ४८ इंच आणि लांबी ८ फूट. चौथाई १२. बारा गुणिले बारा १४४, गुणिले ८, भागिले १४४. उत्तर आले ८ घनफूट. प्रत्यक्षात त्या ओंडक्यात सुमारे १० घनफूट लाकूड असते. म्हणजे या पद्धतीत साल आणि चिराईची तूट म्हणून पाचवा हिस्सा आधीच सोडलेला आहे. म्हणून कोणी वर आणखी ‘तूट’ मागू लागला, तर हे लक्षात ठेवा. झाड विकायचे असले तरी आधी माप काढा आणि मगच भाव बोला.

कायदा काय म्हणतो?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आरागिरणी हा पिठाच्या गिरणीसारखा मोकळा धंदा नाही. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर देशभरातील आरागिरण्यांवर कडक नजर आली. पुढे ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने, केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय राज्यांनी नवी आरागिरणी उघडू देऊ नये असे ठरले. केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये लाकूड उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि हे काम राज्यस्तरीय समितीकडे आले. राज्यात लाकूड किती उपलब्ध आहे ते पाहून समिती परवान्याचा विचार करते.

या सूचनांत सुतारांच्या कामाची एक गोष्ट आहे. ओंडके चिरणारी पट्टा करवत किंवा ३० सेंटिमीटरपेक्षा (साधारण १२ इंच) मोठी गोल करवत न वापरता, वैध मार्गाने घेतलेल्या चिरीव लाकडावर किंवा प्लायवूडवर काम करणाऱ्याला या परवान्यातून सूट दिलेली आहे. म्हणजे नेहमीचे सुतारकाम आणि छोटे फर्निचरचे दुकान यांना घाबरण्याचे कारण नाही. पण गोल ओंडका चिरायला घेतला की आपण दुसऱ्या खात्यात गेलो.

“आमचे यंत्र चाकावर आहे, एका जागी पक्के बसवलेले नाही, म्हणून परवाना लागत नाही,” असे विकणारे सांगतात. सूचना लिहिताना एका जागी असलेल्या गिरण्या डोळ्यांपुढे होत्या, हे खरे. पण तेवढ्या शब्दावर पाच-सहा लाख लावू नका. यंत्राची माहिती, करवतीचे माप आणि कोणते लाकूड चिरणार याची यादी जोडून उपवनसंरक्षक कार्यालयात अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘चालतंय की’ यावर जाऊ नका. वन गुन्ह्यात सापडलेल्या लाकडाबरोबर हत्यारे, गाडी, बैलसुद्धा जप्त करण्याची तरतूद भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये आहे. जप्तीत पडलेल्या यंत्राचा हप्ता बँक माफ करत नाही.

गारखेड्यात एक, गावात दुसरे

झाड कुठे उभे आहे, यावर परवानगी कोणाची हे ठरते. गारखेडा एके काळी शेतीचे गाव होते, आज महापालिकेच्या हद्दीत आहे. तेथे प्लॉटमधले कडुनिंबाचे झाड पाडायचे तर महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाची लागते. २०२१ मधील दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष म्हणून जादा संरक्षण आहे.

शहराची हद्द ओलांडून पैठण, गंगापूर, फुलंब्रीकडच्या गावांत गेलात की महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ येतो. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, चंदन, हिरडा, फणस, बिवळा, ऐन, अंजन अशी झाडे आहेत. ही झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ आणि कडुनिंब या अनुसूचीत नाहीत. पण तोडणे वेगळे आणि वाहतूक वेगळी. कोणत्या लाकडाला वाहतूक परवाना लागतो, याची यादी वनपरिक्षेत्र कार्यालयात पाहून घ्या. डिसेंबर २०२३ पासून या परवान्याची देशभरासाठी ऑनलाइन पद्धत सुरू झाली आहे.

चिराई करणाऱ्याने एक नियम स्वतःला घालून घ्यावा. सातबाऱ्याचा उतारा आणि लागत असेल तेथे तोडीची परवानगी पाहिल्याशिवाय करवत सुरू करायची नाही. पाहुणा असो की पुढारी. प्रत्येक ओंडक्याची वहीत नोंद ठेवा : कोणाचा, कोणत्या गटातला, किती घनफूट. ही वही अडचणीच्या दिवशी कामाला येते.

पोटापुरते काम मिळेल का?

मराठवाड्यात झाड मुळात कमी, हे विसरून चालणार नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्याकडे आणि जालन्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. पण मोसंबीचा बुंधा आखूड, त्यातून लांब फळी निघत नाही. तोडलेले प्रत्येक झाड चिराईचे नसते. म्हणून यंत्र घेण्याआधी पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत फिरून चिराईलायक बाभूळ, कडुनिंब, साग, निलगिरी, मिलिया डुबिया किती आहे ते मोजा.

खर्चाची मांडणी अशी करा. (पुढचे आकडे समजण्यापुरते धरले आहेत. स्वतःच्या कोटेशनचे आकडे घालून पुन्हा मांडा.) यंत्र, ट्रेलर आणि पट्टे धार लावण्याची सोय मिळून ६ लाख. कर्ज साडेचार लाख, व्याज ११ टक्के, मुदत ५ वर्षे. हप्ता महिना ९,८०० च्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे १ लाख १७ हजार. पावसाळ्यात शेतात यंत्र जात नाही, म्हणून आठ महिने आणि महिन्याला १२ दिवस काम धरा. झाले ९६ दिवस. रोजचा हप्ता पडला १,२२५ रुपये. दोन गडी १,२००, इंधन ६००, पट्टे व धार ४००, वाहतूक ४००, दुरुस्ती ३००, स्वतःची मजुरी १,०००. एकूण ५,१२५ रुपये.

दिवसाला ६० घनफूट चिरले तर घनफुटाला ८५ रुपये पडतात. तीसच चिरले तर १७१ रुपये. आता तालुक्याच्या आरागिरणीचा चिराई दर आणि ओंडका तेथवर नेण्या-आणण्याचा खर्च यांची बेरीज करा. तुमचा आकडा त्या बेरजेपेक्षा कमी असेल तरच गिऱ्हाईक येईल. एकाच शेतात, एकाच दिवशी भरपूर ओंडके मिळण्यावर हा धंदा तरतो. एका झाडासाठी वीस किलोमीटर गेलात की नफा डिझेलमध्ये गेला. म्हणून चार-पाच शेतकऱ्यांचे लाकूड एका ठिकाणी गोळा करूनच तारीख द्यावी.

आणखी एक. बांधावरच्या झाडात खिळे, तारा, कुठे बैल बांधायची कडी रुतलेली असते. पट्टा तुटतो तो तेथेच. चिरण्यापूर्वी ओंडका तपासा आणि लोखंड लागून पट्टा तुटल्यास पैसे कोणाचे, हे कामाआधीच ठरवा. चष्मा, कानाला बोळे आणि सैल कपडे नकोत, हे गड्यांनाही लागू.

फळी निघाली म्हणजे काम संपले नाही

आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ओली फळी दोन दिवसांत तडकते. चिराईला दिवाळीनंतरचे तीन-चार महिने चांगले. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना रंग किंवा डांबर लावा. फळ्या सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच रचा, प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला आणि वर वजन ठेवा. बाभळीला भुंगा लवकर लागतो, म्हणून जुने सुतार बाभूळ पाण्यात मुरत घालत. तो रिवाज आजही कामाचा आहे. वाळलेल्या फळीला ओल्या फळीपेक्षा भाव जास्त, तेव्हा घाईने विकू नका.

पुढे काय?

केंद्राने जून २०२५ मध्ये शेतजमिनीवरील झाडे तोडण्याचे नमुना नियम राज्यांकडे पाठवले. त्यानुसार शेतकऱ्याने लागवडीची नोंद पोर्टलवर करायची आणि तोडीची संमती तेथूनच मिळवायची आहे. दहापर्यंत झाडांसाठी पद्धत सोपी ठेवली आहे. पण हे नमुना नियम आहेत. राज्याने स्वीकारल्यावरच ते आपल्याला लागू होतात. तोवर १९६४ चा कायदा पाळायचा. मात्र तयारी आजच करता येते : बांधावर झाड लावले की तारीख, जात, संख्या लिहून ठेवा, फोटो काढा आणि पीक पाहणीच्या वेळी सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या. तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींनाही विनंती आहे की, ही नोंद टाळू नये. झाड कागदावर नसेल तर पंधरा वर्षांनी त्या शेतकऱ्याला ते आपले आहे हे सिद्ध करत फिरावे लागते.

सुतार बांधवांनी पायरीने चढावे. पहिली पायरी, पीएम विश्वकर्मा योजना. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाखांपर्यंत कर्जाची तरतूद केलेली आहे. यातून मोठी आरागिरणी होणार नाही, पण परवाना न लागणारे दुकान नीट उभे राहते. दुसरी पायरी, परवानाधारक आरागिरणीवाल्याशी बोलून त्याच्याकडे ओंडके नेणे आणि वर्षभर किती काम मिळते ते वहीत लिहिणे. तिसरी पायरी, वनखात्याचे लेखी उत्तर. ते हातात आल्यावर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करावी आणि प्रकरण बँकेकडे न्यावे. यंत्राचे कोटेशन सर्वांत शेवटी.

आणि ज्यांना यंत्र घ्यायचे नाही, त्या शेतकऱ्यांनी निदान एक दोरी आणि एक टेप घरात ठेवावा. पुढच्या वेळी व्यापारी झाडाभोवती चक्कर मारू लागला की तुम्हीही घेर मोजून घ्या.