गिरगावचा डास आणि आफ्रिकेची मच्छरदाणी

आफ्रिकेतील मुलांच्या मच्छरदाण्यांसाठी शाळेने निधी जमवावा, अशी सूचना पालकांच्या सभेत निघाली की पहिला आक्षेप ठरलेला असतो : आपल्या परळ-लालबागेत डास काय थोडे आहेत? हा आक्षेप घेणारे गृहस्थ कंजूष असतात असे मुळीच नाही. भर पावसाळ्यात आपले मूल तीन-तीन पांघरुणांखाली कुडकुडताना त्यांनी पाहिलेले असते. २०१० साली, गिरण्यांच्या जमिनींवर उंच इमारतींसाठी खड्डे खणले जात असताना, या शहरात हिवतापाचे ७५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, हेही ते विसरलेले नसतात. तेव्हा त्यांचा आक्षेप झटकून टाकणे योग्य नव्हे. त्याला उत्तर दिले पाहिजे, आणि ते उत्तर सुदैवाने याच शहराच्या इतिहासात सापडते.

मुंबईतील हिवतापाच्या कारणांचा शोध घेऊन डॉ. बेंटली यांनी १९११ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. दोष दलदलीचा असेल, दूषित हवेचा असेल, अशा समजुतीत वावरणाऱ्या नागरिकांना त्यांनी सांगितले की, खरा अपराधी तुमच्या घराच्या विहिरीत आहे. ॲनॉफिलीस स्टीफेन्साय जातीचा डास कोट भागातील आणि आसपासच्या वस्तीतील विहिरींत सुखाने वाढत होता. विहिरी बुजवा किंवा झाका, असे म्हणताच शहरात काहूर माजले. विहिरीच्या पाण्यावर सूर्याची किरणे पडली पाहिजेत, हा पारशी मंडळींचा धर्माचा प्रश्न होता; हिंदूंच्याही भावना गुंतलेल्या होत्या. अखेर जाळीच्या झडपेसारख्या तडजोडी निघाल्या. पाण्याच्या टाकीला डास शिरणार नाही असे झाकण हवे आणि निरीक्षकाला वर चढण्यासाठी शिडी हवी, हा आज आपल्याला कटकटीचा वाटणारा नियम त्याच दीर्घ भांडणाच्या कुळातला आहे. त्यात भव्य असे काही नाही. पण शहरातील हिवताप आटोक्यात राहतो तो अशाच नीरस गोष्टींमुळे.

आता त्या डासाची पुढील हकीकत पाहा. दक्षिण आशिया आणि अरबस्तान हे ज्याचे माहेर, तो हाच स्टीफेन्साय २०१२ साली आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील जिबुती या चिमुकल्या देशात आढळला. त्या वर्षी तेथे हिवतापाच्या रुग्णांची नोंद होती अवघी २७. २०२० साली ती ७३ हजारांवर गेली. पुढे इथिओपियात आणि सुदानमध्येही तो पोहोचला. आफ्रिकेला परिचित असलेले डास मुख्यतः ग्रामीण, रात्री घरात शिरून चावणारे. हा पाहुणा शहरी, पिंपात आणि टाकीत वाढणारा, दिवेलागणीलाच चावू लागणारा. तो मुंबईहून गेला असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याच्याशी गिरगावने शंभरांहून अधिक वर्षे झुंज दिली, त्याच्याशी आता आफ्रिकेतील बंदरे झुंजत आहेत. मग ‘आपला डास’ आणि ‘त्यांचा डास’ ही वाटणी करावयाची तरी कशी?

दुसरी गोष्ट ऋणाची. स्वातंत्र्याच्या सुमारास या देशात दरसाल साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडत आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यासाठी डीडीटी बनविणारा दिल्लीचा कारखाना युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साह्याने उभा राहिला. अमेरिकेतील शाळकरी मुले १९५० पासून दरवर्षी ऑक्टोबरअखेर दारोदार डबे फिरवून याच युनिसेफसाठी नाणी गोळा करीत आली. त्यांतील कोणते नाणे कोठे गेले हे कोणी सांगू शकणार नाही. पण परक्या मुलांच्या डब्यातून मदत घेताना आपल्याला संकोच वाटला नव्हता. आणि देण्याची परंपराही आपल्याकडे नवी नाही. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरात ज्या पथकाबरोबर मुंबई बंदरातून चीनला निघाले, ते लोकांच्या वर्गणीवर निघाले होते. त्या वेळी देश परतंत्र होता, दरिद्री होता आणि तापाने फणफणलेलाही होता.

२०२३ साली जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतील बहुतेक आफ्रिकेतील, आणि तेथील मृतांत चारांपैकी तीन पाच वर्षांखालील बालके. औषधी द्रव्य लावलेल्या एका मच्छरदाणीची किंमत सुमारे दोन डॉलर, म्हणजे आपल्याकडील चित्रपटाच्या एका बऱ्या तिकिटाहून कमी. (पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी, ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेली लसही २०२४ पासून तेथील बालकांना मिळू लागली आहे, तथापि तिने मच्छरदाणीची गरज संपलेली नाही.)

म्हणून शाळांनी निधी जमवावा, असेच आमचे मत आहे. मात्र तो कसा जमवावा याविषयी आम्ही आग्रही आहोत. वर्गणी शुल्काच्या पावतीत घुसडू नये. कोणत्या वर्गाने किती दिले याची चुरस लावू नये, कारण तीत मूल नव्हे, बापाचा खिसा जिंकतो. आफ्रिकेतील मुलांची केविलवाणी चित्रे भिंतीवर टांगून दयेचा बाजार तर मुळीच मांडू नये. पैसे परदेशी पाठविण्याआधी बँकेचा आणि सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. धर्मादाय न्यासाने परदेशात खर्च केला तर करसवलतीसाठी सरकारची खास अनुमती लागते, याची अनेक उत्साही मंडळींना कल्पना नसते.

आणि निधीबरोबर दुसरी एक मोजणी व्हावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या चाळीतील किंवा सोसायटीतील पिंपे, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवर पडलेले टायर आठवड्यातून एकदा पाहावे व रिकामे करवावे. टाकीवर मुलांना चढवू नये; ते काम वडीलधाऱ्यांनी करावे. जमलेली रक्कम आणि तपासलेल्या टाक्या, दोहोंचा हिशेब शाळेच्या एकाच फलकावर लागावा. सभेत आक्षेप घेणाऱ्या त्या गृहस्थांनाही समितीवर अवश्य घ्यावे. इमारतीची शिडी कोठे ठेवली आहे आणि गच्चीची किल्ली कोणाकडे असते, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असेल.