लाकडी वस्तू, मोठी : १ नग

आमच्या कडोलीच्या आकाशातून विमान गेले की वर्गातील पाठ क्षणभर थांबतो. सांबऱ्याचा विमानतळ येथून फार दूर नाही. मुलांना विमानाचे नवल आता राहिलेले नाही, तरी माना वर होतातच. मीही त्यांना रागे भरत नाही. तुकोबांना न्यायला वैकुंठाहून विमान आले, ही कथा ऐकत ज्यांच्या आज्या वाढल्या, त्यांच्या नातवंडांनी घरघर ऐकून खिडकीकडे पाहिले तर त्यात वावगे ते काय? मी मात्र अलीकडे विमानाचा आवाज कानी आला की वर पाहत नाही. माझी दृष्टी खाली, टेबलावरच्या जडसंग्रह नोंदवहीकडे जाते. असे का होते, ते सांगण्यासाठीच आजचे हे टिपण आहे. परंतु त्यासाठी वाचकांना आधी बिकानेरपर्यंत यावे लागेल.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनजवळ विमानांचा मोठा साठा शिल्लक राहिला होता. लढाई उरली नव्हती आणि विमाने ठेवायला जागा नव्हती. तेव्हा साम्राज्यातील निरनिराळ्या देशांना ती भेट म्हणून वाटण्यात आली. हिंदुस्थानच्या वाट्याला शंभर विमाने आली आणि त्यांतली काही बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांकडे पोचली. १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने सही करणाऱ्यांत हे महाराज होते. ही विमाने ‘डी. एच. ९’ या जातीची, दोन माणसे बसतील अशी, बॉम्ब टाकण्यासाठी बांधलेली. सांगाडा लाकडाचा आणि त्यावर ताणून बसवलेले लिननचे कापड. त्या काळचे विमान पुष्कळसे सुतार आणि शिंपी यांच्या हातचे काम असे, हे ऐकून आजच्या मुलांना हसू येते.

पुढे विमानांच्या नव्या जाती आल्या, राजे गेले, संस्थाने विलीन झाली. ती विमाने मात्र राजवाड्याच्या पीलखान्यात, हत्तींच्या हौद्यांच्या आणि खोगिरांच्या अडगळीत पडून राहिली. एका प्रवाशाच्या दृष्टीस ती पडली. त्याच्याकडून ही बातमी गाय ब्लॅक या इंग्रज गृहस्थांच्या कानी गेली. जुन्या विमानांचा जीर्णोद्धार करणे हाच त्यांचा व्यवसाय. ते बिकानेरला आले तेव्हा वाळवीने लाकडाचा फडशा पाडलेला होता. धातूचे भाग, जोड आणि खिळे तेवढे शाबूत होते. त्या अवशेषांतून दोन विमाने इंग्लंडात पुन्हा उभी राहिली. एक डक्सफर्ड येथील संग्रहालयात २००७ पासून मांडलेले आहे. दुसरे २०१९ साली चक्क आकाशात उडाले. याच जातीचे एक विमान बिकानेरच्या जुनागड किल्ल्यात आजही पाहावयास मिळते.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा एका शब्दाशी अडलो. ही विमाने ‘सापडली’ असे सगळे लिहितात. ती हरवली होती कोठे? पीलखान्यात रोज कोणी ना कोणी जात असेलच. कोणी त्या सांगाड्याला टेकून विडी ओढली असेल, कोणी त्यावर ओले फडके वाळत घातले असेल. वस्तू जागच्या जागी होती. ती काय आहे हे सांगणारी माणसे एकामागून एक निघून गेली होती. माणसाची स्मृती गेली तर त्याला आपले घर ओळखता येत नाही. येथे घरालाच आपल्या वस्तूची ओळख उरली नव्हती.

कोणी विचारील, वाळवीने खाल्लेले सारे लाकूड नवे घातले, तर ते विमान जुने कसे म्हणावे? आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. गावच्या देवळाचे छप्पर बदलते, खांब बदलतात, कळस नवा चढतो, तरी देऊळ तेच राहते. कारण गाभाऱ्यातील देव तोच असतो. विमानाच्या बाबतीत हे देवपण एका लहानशा धातूच्या पट्टीकडे असते. बांधणाऱ्याचे नाव आणि विमानाचा क्रमांक तिच्यावर कोरलेला असतो. जीर्णोद्धार करणारे आधी ही पट्टी आणि सुट्या भागांवर ठोकलेले अंक शोधतात. अंक सापडले की जुन्या दप्तरांशी ते ताडून पाहता येतात. विमान कोणत्या कारखान्यात जन्मले, कोणत्या तुकडीत होते, कोठे गेले, हे सारे हळूहळू बोलू लागते. अंक पुसला गेला तर उरते ती केवळ लाकूड-लोखंडाची रास.

दुसरी कथा कानपूरची. दुसरे महायुद्ध संपल्यावर ‘लिबरेटर’ नावाची चार इंजिनांची अवाढव्य अमेरिकन विमाने तेथील चकेरीच्या तळावर टाकून देण्यात आली. पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून ती जाणूनबुजून मोडली होती. यंत्रे फोडली होती, इंजिनांत वाळू ओतली होती. स्वतंत्र भारताला बॉम्बफेकी विमानांची निकड होती आणि तिजोरीत पैसा बेताचा होता. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या माणसांनी त्या स्मशानातून एकेक विमान उडण्यापुरते सावरले. जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली आणि तेथे त्यांची पुरती दुरुस्ती झाली. अशी ४२ विमाने पुन्हा कामास आली. १९४८ च्या अखेरीपासून ती आपल्या वायुदलात दाखल झाली आणि १९६८ पर्यंत त्यांनी सेवा केली. अमेरिकेने ही विमाने १८,००० हून अधिक बांधली होती. युद्धानंतर तिकडे ती बहुतेक वितळवली गेली. पुढे संग्रहालयांना नमुना हवासा वाटू लागला, तेव्हा ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा या तिन्ही देशांतील संग्रहालये भारताकडे वळली. ज्यांनी मोडून टाकले त्यांना ते परत मागावे लागले, आणि ज्यांनी गरजेपोटी सांधले त्यांच्याकडे ते शिल्लक होते. आमच्या आजीने फाटक्या लुगड्यांची वाकळ शिवली ती थंडी भागावी म्हणून. आज तीच वाकळ तिच्या लुगड्यांचे संग्रहालय झाली आहे.

मात्र अशा कथांना भुलण्यातही धोका असतो. ब्रह्मदेशात युद्धाच्या अखेरीस इंग्रजांनी ‘स्पिटफायर’ जातीची कोरी विमाने पेट्यांत घालून जमिनीत पुरली, अशी एक दंतकथा आहे. एका इंग्रज शेतकऱ्याने तिच्या पाठीमागे आयुष्याची कित्येक वर्षे घालवली. अखेर २०१३ च्या आरंभी तज्ज्ञांचा ताफा रंगूनला गेला, खोदकाम झाले आणि हाती काहीच लागले नाही. पुरल्याचा पुरावाच नाही, असे शोधकांनी सांगितले. वर्तमानपत्रांतून तेव्हा ही बातमी बरीच गाजली. ती मीही मोठ्या चवीने वाचली होती, आणि तेथेच माझा घात झाला.

त्याच वर्षीच्या मार्चअखेरीची गोष्ट. मी तेव्हा या भागातील एका जुन्या शाळेचा नवा मुख्याध्यापक होतो. वरून निर्लेखनाचा आदेश आलेला. निरुपयोगी सामान निकालात काढून खोली मोकळी करावयाची होती. मोडकी बाके, गंजलेले तराजू, फुटका पृथ्वीगोल असे करत करत आम्ही माळ्यापर्यंत आलो. तेथे तुळईच्या आधाराने एक लांब लाकडी वस्तू आडवी ठेवलेली होती. पुरुषभराहून थोडी अधिक लांब, दोन्ही टोकांकडे चपटी होत गेलेली आणि मधूनच हलकासा पीळ घेतलेली. नोंदवहीत कोण्या पूर्वसूरींनी तिची नोंद करून ठेवली होती : ‘लाकडी वस्तू, मोठी : १ नग’. किंमत नाही, तारीख नाही, कोठून आली त्याचा उल्लेख नाही.

शाळेचे निवृत्त शिपाईमामा त्या दिवशी सहज येऊन बसले होते. सत्तरी ओलांडलेले. ते म्हणाले, “गुरुजी, ह्ये इमानाचं पातं हाय बघा. आमचा बा लढाईच्या टायमाला सांबऱ्याला कामावर हुता. त्येनं सांगितलेलं.”

सांबऱ्याचा तळ ब्रिटिश वायुदलाने १९४२ साली बांधला, हे मला ठाऊक होते. तरीही मी हसून म्हणालो, “मामा, ब्रह्मदेशात एवढी मोठी माणसे विमाने उकरायला गेली, त्यांना काही मिळाले नाही. तुम्हाला बरे आपल्या माळ्यावर सापडले!”

सारे हसले. मामाही हसले. “आसंल बी, नसंल बी,” एवढेच बोलून त्यांनी त्या वस्तूच्या मध्यभागी अंगठा घासला. धुळीखाली काही अंक उमटलेले दिसले. मी ते वाचले नाहीत. तीन जणांच्या समितीने सह्या केल्या, भंगारवाल्याने ती वस्तू मोडक्या बाकांबरोबर जळाऊ लाकडाच्या ढिगात टाकली, आलेली रक्कम शाळेच्या खात्यात जमा झाली आणि पावती फाइलला लागली. कागदोपत्री कोठेही चूक नव्हती.

२०१९ साली बिकानेरच्या विमानाच्या उड्डाणाची हकीकत वाचताना शेजारी एका जुन्या लाकडी पंख्याचे छायाचित्र दिसले. असा पंखा अखंड ओंडक्यातून कोरत नाहीत. पातळ फळ्या एकीवर एक चिकटवून त्यातून तो घडवतात, म्हणजे पावसापाण्याने लाकूड वाकत नाही. उडालेल्या खड्यांनी कड फुटू नये म्हणून पात्यांच्या टोकांना पितळेचा पत्रा मढवतात. मध्यभागी एक मोठे भोक असते आणि त्याच्याभोवती बोल्टांसाठी लहान भोकांचे कडे. त्या बुंध्यावर अंक ठोकलेले असतात.

छायाचित्राकडे पाहता पाहता माळ्यावरची ती वस्तू डोळ्यांसमोर उभी राहिली. फळ्यांच्या रेघा मला आठवल्या. टोकाचा काळवंडलेला पत्रा आठवला. मध्यभागच्या भोकांत मुलांनी कोंबलेले खडूचे तुकडेही आठवले. अंक मात्र आठवेनात. जे वाचलेच नाहीत ते आठवणार कसे? तो पंखा सांबऱ्याहून आला होता की आणखी कोठून, कोणत्या विमानाच्या नाकावर तो फिरला होता, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. मामा त्याआधीच वारले होते. त्यांची क्षमा मागण्याचीही सोय राहिली नव्हती.

मी मराठीचा विद्यार्थी. पोथीतील एका अक्षराचा पाठभेद लागावा म्हणून रात्र घालवणाऱ्या गुरूंच्या हाताखाली शिकलो. त्याच मला, समोरचा माणूस ‘वाचा’ म्हणून अंगठ्याने धूळ पुसून दाखवत असताना चार अंक वाचण्याची इच्छा झाली नाही. मामांची भाषा अशुद्ध होती आणि माझे अज्ञान शुद्ध होते, एवढाच काय तो फरक.

वाचकहो, आपण बहुतेक जण महाराष्ट्राबाहेर राहणारी मंडळी. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, तंजावर, जेथे जेथे मराठी घर जुने आहे तेथे माळा आहे, आणि माळ्यावर ‘कसलेसे’ म्हणून ठेवलेले काहीतरी आहे. ते विमानच असेल असे नाही. मोडीतला कागद असेल, कोण्या पणजोबांच्या नोकरीतले एखादे यंत्र असेल, ज्याचा उपयोग कोणाला ठाऊक नाही असे एखादे पितळी भांडे असेल. ते घासूनपुसून चकचकीत करण्याची घाई करू नका. त्यावर रंग तर मुळीच चढवू नका. जमिनीपासून वर, वाळवी लागणार नाही असे ठेवा. त्यावर अंक किंवा अक्षरे असतील तर ती आहेत तशी उतरवून घ्या. आणि मुख्य म्हणजे घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारून एक चिठ्ठी त्या वस्तूला बांधा : हे काय, कोणाचे, कोठून आले. वृद्ध माणूस ‘आसंल बी, नसंल बी’ म्हणाला तर तेही तसेच लिहा. खरेखोटे ठरवणारा पुढे कोणी येईल. त्याच्यासाठी धागा तरी राहिला पाहिजे.

येथे कडोलीत मी सातवीच्या मुलांकडून एक वही चालवून घेतो. प्रत्येकाने आपल्या घरच्या माळ्यावरची किंवा गोठ्यातली एक जुनी वस्तू निवडायची, तिचे चित्र काढायचे आणि आजी-आजोबा सांगतील ते खाली लिहायचे. मोटेचे चाक आले, पायली आणि शेर आले, जात्याचा खुंटा आला. एका मुलीने गोठ्याच्या भिंतीतील एका लोखंडी कड्याचे चित्र काढले. आजोबांना विचारले, शेजारी विचारले, कोणालाच सांगता येईना. तिने विचारले, “सर, मग हे पान फाडू का?”

मी म्हणालो, “नको. नाव लिहायची जागा मोकळी सोड.”

ते पान वहीत तसेच आहे. वर कड्याचे नीटस चित्र आहे, त्याखाली तिने मोजून लिहिलेली लांबीरुंदी आहे, आणि त्याखाली मोकळी जागा आहे.