डोंगरांची नावे दप्तरी लावा

रामटेकच्या टेकडीचे भाग्य थोर. प्रभावतीगुप्तेच्या ऋद्धपूर ताम्रपटात रामगिरिस्वामीचा उल्लेख आहे, लक्ष्मणमंदिरातील यादवकालीन शिलालेखात सिंदूरगिरी हे नाव आहे, आणि तेथील ताजा फोडलेला दगड किती लाल निघतो हे ज्याने पाहिले, त्याला या नावाचा अन्वय निराळा सांगावा लागत नाही. कालिदासाचा रामगिरी तो हाच, हा पक्ष महामहोपाध्याय मिराशींना मांडता आला, त्यामागे अशा उत्कीर्ण लेखांचे बळ होते. आमच्याच मुलुखातील गोंडी, माडिया आणि कोरकू नावांच्या डोंगरांना मात्र ना ताम्रपट लाभला, ना शिलालेख. त्यांची सनद केवळ बोलणाऱ्याच्या जिभेवर.

इंग्रजी अमदानीत मोजणी झाली खरी. दक्षिणेकडून त्रिकोणमितीने देश मोजीत आलेला विल्यम लॅम्बटन जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. त्या मोजणीने शिखरांची स्थाने व उंची अचूक दिली. परंतु उंची दुर्बिणीतून मिळते, नाव माणसाच्या मुखातूनच घ्यावे लागते, आणि ते परभाषकाच्या कानातून रोमन लिपीत उतरताना त्याचे काय होते, हे पाहण्यासाठी रानात जावयास नको. 1817 च्या लढाईने प्रसिद्धीस आलेल्या आमच्या सीताबर्डीतील ‘र’चा इंग्रजी कागदांत ‘ल’ झाला, तो आजतागायत तसाच आहे. राजधानीच्या टेकडीची ही गत, तर एटापल्लीच्या डोंगरांची कथा काय वर्णावी!

स्कॉटलंडमधील गेलिक डोंगरनावे टिपताना तेथील मोजणीखात्याने एकोणिसाव्या शतकात नावांच्या स्वतंत्र वह्या ठेवल्या. प्रत्येक नावापुढे त्याची निरनिराळी रूपे, ती सांगणारे साक्षीदार आणि स्थळाचे वर्णन, असे रकाने असत. साक्षीदारांत जमीनदार व धर्मोपदेशक यांचे वजन अधिक, हा दोष होताच; तरीही रूपे व साक्षी लिहून ठेवल्यामुळे पुढील अभ्यासकांना नकाशातील चुका पारखता आल्या.

नागपुरातही असे काम घडले आहे. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाच्या मुखातून लिंगोचे गोंडी गीत उतरवून घेतले. 1863 मध्ये ते बुडून मरण पावल्यावर रिचर्ड टेम्पल यांनी त्यांचे कागद 1866 मध्ये छापले. त्या गीतातील काचीकोपा लोहागड म्हणजे सालेकसा तालुक्यातील कचारगड, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे, आणि माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते.

आता विलंब परवडणारा नाही. ज्या सुरजागडावर माडिया लोक ठाकूरदेवाला पूजतात, तोच डोंगर लोहखनिजासाठी खोदला जात आहे. कडा गेला की त्याचे नाव विचारावयाचे कोणाला? निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत गावाचे चराईचे व पाण्याचे हक्क लिहिण्याची रीत आमच्या महसुलात जुनी आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक हक्क दिले, आणि मेंढा-लेखाने ते 2009 मध्ये मिळवूनही दाखविले. तेव्हा प्रत्येक ग्रामसभेने आपल्या डोंगरांची एक वही घालावी; नाव गावात उच्चारतात तसेच देवनागरीत लिहावे, सांगणाऱ्याची साक्ष घ्यावी, दुसरे रूप असल्यास तेही नोंदवावे, आणि संस्कृत व्युत्पत्ती चिकटविण्याची घाई कोणी करू नये. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने या वह्यांच्या नकला जतन कराव्यात, आणि महसूल खात्याने नकाशा दुरुस्त करताना त्या प्रमाण मानाव्यात.